तुम्ही विचारलंत म्हणून: फायली माझ्या ड्राइव्हवर ठेवू की टीमच्या?

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या कारखान्यांत मी कॉम्प्युटरची पडेल ती कामं करतो. प्रिंटर अडकला, टॅली उघडेना, मेल जाईना. या फेऱ्यांत एक प्रश्न ठरलेला. "सर, फायली माझ्याच गूगल ड्राइव्हवर ठेवल्या तर चालतील ना? तशा सगळ्यांना शेअर केल्याच आहेत."

घोळ त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

सातबाऱ्याच्या भाषेत सांगितलं की आपल्याकडे लगेच कळतं. शेअर करणं म्हणजे जमीन कसायला देणं. तुम्ही ती वर्षानुवर्षं कसलीत तरी भोगवटादार म्हणून नाव ज्याने फाईल केली त्याचंच. (आणि कुळकायदा गूगलला लागू नाही.)

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये फिक्स्चरची (मशीनवर काम घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्यांची) सगळी ड्रॉइंग डिझाइनवाल्या मुलाच्या जीमेलवर होती. मुलगा सरळ. फोल्डर शेठला, सुपरवायझरला, सगळ्यांना शेअर. पुढे त्याला चाकणला नोकरी लागली, पेढे वाटून गेला. काही महिन्यांनी त्याच्या खात्याचे फुकटचे १५ जीबी भरले. त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात, आणि भाचीच्या बारशाचे व्हिडिओ तर ठेवायचेच होते. मग त्याने जुनं काम साफ केलं. कचऱ्याच्या टोपलीत ३० दिवस होतं तोवर त्याला ते परत काढता आलं असतं, पण जुन्या जॉबचं ड्रॉइंग रोज कोण उघडतं? गिऱ्हाइकाचा रिपीट ऑर्डरचा फोन आला तेव्हा शोधाशोध सुरू झाली. शेवटी मशीनमागे चिकटवलेली एक तेलकट प्रिंट सापडली. घडीवरचे दोन आकडे पुसलेले. सुपरवायझर गंजलेलं फिक्स्चर टेबलावर घेऊन व्हर्निअरने मापं घेत बसला. तीन दिवस गेले. शेठ त्या मुलावर चिडले होते. मला विचाराल तर त्याची काही चूक नव्हती.

यासाठीच गूगलने २०१७ मध्ये 'टीम ड्राइव्ह' आणला, आता त्याला 'शेअर्ड ड्राइव्ह' म्हणतात. त्यातल्या फायलींचा मालक माणूस नसतो, संस्था असते. माणूस सोडून गेला तरी फाईल जागच्या जागी. मात्र साध्या जीमेलवरून तो तयार करता येत नाही, कंपनीच्या नावाने पैसे भरून घेतलेलं 'वर्कस्पेस', म्हणजे गूगलची कंपन्यांसाठीची सेवा, लागते. खर्च ऐकला की शेठ लोक चहा मागवतात. मग मी दुसरी वाट सांगतो: वर्कशॉपच्या नावाने एक जीमेल उघडा, रिकव्हरीचा नंबर शेठचा, आणि फायली त्याच खात्यातून चढवा. कारण त्या खात्याच्या फोल्डरमध्ये सुपरवायझरने स्वतःच्या जीमेलवरून फाईल टाकली, तर फोल्डर तुमचं आणि फाईल त्याची. हे लोकांना खरंच वाटत नाही, करून दाखवावं लागतं. शिवाय असं खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं.

मायक्रोसॉफ्टवाल्यांकडे हाच घोटाळा वेगळ्या दाराने येतो. 'टीम्स' या त्यांच्या ऑफिस-गप्पांच्या अॅपमध्ये, टीमच्या सामायिक चॅनेलवर टाकलेली फाईल 'शेअरपॉइंट' या सामायिक साठ्यात जाते, म्हणजे टीमकडे. तीच खासगी चॅटमध्ये टाकली तर पाठवणाऱ्याच्या 'वनड्राइव्ह'वर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या साठ्यात बसते. त्याचं खातं काढलं की, कोणी मुदत वाढवलेली नसेल तर, ३० दिवसांनी ते वनड्राइव्हही जातं.

पण म्हणून सगळंच टीमकडे ढकलू नका. अर्धवट कोटेशन, कच्चे हिशेब आपल्याकडेच बरे, दुसऱ्याने अर्धं वाचून गिऱ्हाइकाला रेट कळवायला नको. काम पक्कं झालं की हलवा. आणि टीमच्या ड्राइव्हवर सगळ्यांना 'मॅनेजर' हा सगळ्यात वरचा अधिकार द्यायची हौस आवरा. त्याखालच्या 'कॉन्ट्रिब्युटर'ला फाईल टाकता येते, बदलता येते, उडवता येत नाही. शॉप फ्लोअरला तेवढं पुष्कळ.

उलटी चूकही मी पाहिलीय. सातपूरच्या एका ऑफिसात अकाउंट्सच्या ताईंनी घरकर्जाचे कागद आणि मुलाची मार्कलिस्ट कंपनीच्याच खात्यावर ठेवली होती. स्कॅनर तिथेच, मग सोयीचं. नोकरी सोडली त्या दिवशी दुपारी लॅपटॉप जमा, संध्याकाळी खातं काढलेलं. आठवड्याने बँकेने कागद मागितले तेव्हा त्यांचा मला फोन आला. गूगलवर काढलेलं खातं २० दिवसांच्या आत अॅडमिनला, म्हणजे कंपनीची खाती सांभाळणाऱ्याला, परत आणता येतं, म्हणून जमलं. ताई पेनड्राइव्ह घेऊन आल्या, शेजारी खुर्ची ओढून शेठ बसले, आणि एकच फोल्डर कॉपी झालं. त्याचं नाव होतं 'इतर'.