भुवईवरचा व्रण

निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल टेकवून टेकवून माझी पंचवीस वर्षं गेली. सोलापूरच्या नवी पेठेतल्या स्टुडिओत रिटचिंग करायचो. देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं ठिपक्याठिपक्यांनी घालवायचं. परवा लेकीने मोबाइलवर अमेरिकेतली जुनी चिमुकली व्यक्तिचित्रं दाखवली. बोटांनी चित्र मोठं केलं आणि म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम!

हस्तिदंताच्या पातळ चकतीवर जलरंग. हस्तिदंत पाणी पीत नाही, ओला कुंचला फिरवला की खालचा रंग उठून येतो. मग काय, बारीक ठिपके आणि रेघोट्या. चेहऱ्यावर रंग विरळ ठेवायचा, म्हणजे खालच्या हस्तिदंताचीच झाक कातडीला येते. (हत्तीचा विचार मनात आलाच, पण तो वेगळा विषय.) १८३९ साली डॅगेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, आला आणि पुढे हा धंदा बसला. कॉम्प्युटर आल्यावर आमचं झालं, तसंच.

चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने १७७२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरी त्याची बायको मार्था आणि तिच्या दोन मुलांची अशी चित्रं काढली. मुलगी पॅट्सी. तिला फेफरं यायचं. पुढच्याच वर्षी, वयाच्या सतराव्या वर्षी, ती गेली. मार्थाची आणखी दोन मुलं तर त्याआधीच लहानपणी गेली होती. उरलेला जॅकी १७८१ मध्ये गेला. तळहातात मावणारं ते चित्र भिंतीसाठी नव्हतंच. अशा काही चित्रांच्या मागे काचेखाली माणसाचे केसही जपून ठेवत. आपण जावळ पाण्यात सोडतो.

पॅट्सीचं वाचलं आणि अशोक चौकाकडून आलेल्या एक मावशी आठवल्या. यंत्रमागावर कामाला. गेलेल्या मुलीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो घेऊन आल्या होत्या. लॉकेटमध्ये बसेल एवढा करून द्या म्हणाल्या. मी कॉपी निगेटिव्ह काढली, सवयीने सगळं स्वच्छ केलं. प्रिंट नखाएवढी. मावशींनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली.

“भाऊ, भुवईवर लागलेलं कुठं गेलं वो? पाळण्यातनं पडली होती ती.”

एवढ्याशा प्रिंटवर तो व्रण कुणाला दिसणार होता? टर्पेंटाइनच्या बोळ्याने निगेटिव्ह पुसली, नवी प्रिंट काढली. पैसे घेतले नाहीत. मावशींनी मात्र शेंगाचटणीचा पुडा काउंटरवर ठेवला आणि पहिली प्रिंट परत माझ्याकडे सरकवली.