चिपाटाच्या शाळेत वाचन तपासायला शिकताना

झांबियाच्या पूर्व प्रांतातील चिपाटा येथे मी न्यांजा भाषेतील वाचनचाचणी घेण्याचे प्रशिक्षण घेतले, तेव्हा पुणे जिल्ह्यातील गावांत ‘असर’ या मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीसाठी दारोदार फिरून मुलांकडून मराठी वाचून घेतल्याचा अनुभव गाठीशी होता, आणि पहिले दोन दिवस नेमका तोच आडवा आला.

चाचणी मूळची आपल्याकडचीच. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे गटांत बसवून शिकवण्याची पद्धत घडवली, झांबियाच्या शिक्षण मंत्रालयाने ती २०१६ मध्ये ‘कॅच अप’ या नावाने ८० शाळांत करून पाहिली. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकट्याने समोर बसवायचे, परिच्छेद वाचायला द्यायचा, तो सफाईने आला तर गोष्ट, नाही तर शब्द, आणि शब्दही अडले तर अक्षरे. हे नियम मला पाठच होते.

अडचण कानाची होती. लिपी रोमन असली, तरी न्यांजातला ‘डीझेड’ म्हणजे आपल्या ‘जग’मधला ज आणि ‘टीएस’ म्हणजे ‘चमचा’मधला च, हे उमगल्यावर उच्चार सोपे झाले. (वहीच्या पानाला आणि झाडाच्या पानाला तिथेही एकच शब्द आहे, ‘त्सांबा’, तो मी एकदा ऐकून विसरले नाही.) मात्र आपण जे तीन शब्दांत म्हणतो, ‘मला माहीत नाही’, ते न्यांजात ‘सिंदिकुद्झिवा’ असे एकाच शब्दात येते. चौथीतला एक मुलगा ओळीखाली बोट धरून असे लांब शब्द मध्ये क्षणभर टेकत, पण अर्थाच्या जागीच थांबत वाचत होता. मराठीच्या सवयीने मी प्रत्येक टेकणे अडखळणे धरले आणि त्याला शब्दांच्या गटात टाकले. आमच्या प्रशिक्षक बाई स्वतः सरकारी शाळेत शिकवणाऱ्या, त्यांनी माझा कागद पाहून शांतपणे विचारले, “तो अडला, की त्याने श्वास घेतला?” मुलाची नोंद परिच्छेदाच्या गटात झाली. ही चूक कागदावर किरकोळ दिसते; प्रत्यक्षात वाचता येणारे मूल त्यामुळे कित्येक आठवडे सुटे शब्द घोकत बसले असते.

त्यानंतर मी दिवसभर चाचणी घेणे सोडून नुसते ऐकले. बाई आणि मी एकाच मुलाची पातळी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचो आणि मग ताडून पाहायचो. सुरुवातीला निम्म्या नोंदी जुळत नव्हत्या, संध्याकाळपर्यंत बहुतेक जुळू लागल्या.

शेवटच्या दिवशी तिसरीतल्या एका मुलीने परिच्छेद इतक्या झरझर म्हटला, की मी गोष्टीचा कागद पुढे करणार होते. पण तिची नजर माझ्या चेहऱ्यावरच खिळलेली होती. चाचणीचे मेज उघड्या खिडकीजवळ होते आणि रांगेत उभ्या मुलांना आतले सगळे ऐकू जात होते. मी दुसऱ्या संचातला परिच्छेद काढून तिच्यापुढे ठेवला. ती गप्प झाली. शब्दांचा कागद दिला, तेव्हा तिने मान हलवली. अक्षरे दाखवल्यावर पाचांपैकी चार ओळखली. मी तिच्या नावापुढे ‘अक्षर’ लिहिले, बाईंनीही तेच लिहिले होते, आणि मग आम्ही दोघींनी ते मेज उचलून भिंतीकडे नेले.