दक्षिण तटावरील अन्नाचे ऋण : ओंकारेश्वर ते मिठी तलाई

माझी नणंद आणि मी, आम्ही दोघींनी २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस ओंकारेश्वरी संकल्प करून पायी नर्मदा परिक्रमा उचलली आणि पाच महिन्यांनी ती पूर्ण केली. त्यांपैकी ओंकारेश्वरापासून समुद्रापर्यंतच्या पहिल्या अडतीस दिवसांविषयीच येथे लिहीत आहे, कारण आपण संपूर्णपणे दुसऱ्याच्या दारी जगतो आहोत ही जाणीव मला या टप्प्यात जितकी तीव्रतेने झाली तितकी पुढे झाली नाही. मी सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. दुसऱ्याचे करण्याची सवय हाडीमाशी होती, परंतु दुसऱ्याकडून करून घेण्याची मुळीच नव्हती, आणि परिक्रमेला जाणाऱ्या बहुतेकांची, विशेषतः बायकांची, हीच अडचण असते असे मी आता पाहिले आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमरकंटकला उगम पावून खंबातच्या आखाताला मिळणाऱ्या १३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीला उजव्या हाताला ठेवून चालायचे आणि ती कोठेही ओलांडायची नाही, एवढाच मुख्य नियम आहे. उपनद्या ओलांडता येतात. त्यामुळे ओंकारेश्वराहून निघणारा दक्षिण तटाने पश्चिमेकडे जातो, समुद्रातून होडीने उत्तर तटावर येतो आणि मग उगमाकडे वळतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना खांडव्यापर्यंत रेल्वे आणि तेथून ओंकारेश्वरापर्यंत बस हा मार्ग सोयीचा आहे. तेथे संकल्पपूजा झाल्यावर परिक्रमावासी असल्याचे पत्र घ्यावे आणि एक छोटी वही जवळ ठेवावी, कारण मुक्कामाच्या बहुतेक आश्रमांत तीवर शिक्का देतात आणि अनोळखी गावात तीच आपली ओळख ठरते.

पहिल्याच संध्याकाळी एका आश्रमाच्या पायरीवर आम्हाला विचारले गेले, "कितनी मूर्ती हैं?" तटावर परिक्रमावासी माणसांनी मोजले जात नाहीत, मूर्तींनी मोजले जातात. बायकांना 'माताराम' म्हणतात, सकाळच्या खाण्याला 'बालभोग', आणि अंथरूण घालण्याला 'आसन लावणे'. जेथे शिजवलेले अन्न मिळते ती भोजनप्रसादी, आणि जेथे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, तेल असा कोरडा शिधा मिळतो व तो आपण रांधून खायचा असतो ते सदाव्रत. म्हणून जवळ एक लहान पातेले आणि काडेपेटी असावी. शिधा एका वेळेपुरताच घ्यावा. पुढच्या गावाची खात्री नाही म्हणून जास्तीचे पीठ मागून पिशवीत भरणारे काही जण आम्ही पाहिले आणि आम्हालाच संकोच वाटला, कारण ते पीठ मागून येणाऱ्याच्या वाट्याचे असते. मुक्कामी दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे आणि आपण किती जण आहोत, रात्री जेवणार आहोत की नाही, हे लगेच सांगावे. अंधार पडल्यावर दहा माणसे अचानक आली, तर चूल विझवून निजलेली बाई पुन्हा उठते, आणि ती तक्रार करीत नाही म्हणून तिला श्रम होत नाहीत असे नाही.

रावेरखेडीला थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचे तेथे निधन झाले. तेथे आम्ही तासभर थांबलो. आमच्या बोलण्यावरून मराठी माणसे आली आहेत हे ओळखून एका निमाडी शेतकऱ्याने मुद्दाम शेतातून येऊन आम्हाला हरभऱ्याचे ढाळे दिले आणि तो नावही न सांगता परत गेला. तेथून पुढे भट्याणला संत सियाराम बाबांचे दर्शन झाले. हनुमानाचे उपासक असलेले हे वृद्ध तपस्वी परिक्रमावासीयांना चहा आणि सदाव्रत देत, आणि स्वतः मात्र कोणाकडूनही दहा रुपयांहून अधिक घेत नसत. मोठी नोट पुढे केली तर दहा रुपये ठेवून बाकीचे परत करीत. वर्षभराने, ११ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्या दिवशी चहाचा पेला हातात घेऊन बसले असताना त्या दहा रुपयांचा अर्थ मला उमगला नव्हता. देणाऱ्याची ऐपत पाहून तेथे कोणाला वेगळे आसन मिळत नव्हते, कारण सर्वांचे दहाच होते, ही गोष्ट सातपुड्यातून बाहेर पडल्यावर लक्षात आली.

बडवाणीनंतर पाटी, बोकराटा या वाटेने डोंगर सुरू होतो आणि मग आपण महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात शिरतो. खापरमाळ, बिलगाव, धडगाव, मोलगी आणि पुढे गुजरातमधील माथासर, झरवाणी, गोरा असा हा शूलपाणीच्या झाडीचा, म्हणजे जंगलाचा, टप्पा आहे. पूर्वी या झाडीत परिक्रमावासीयांना अंगावरच्या वस्त्रापर्यंत लुटले जाई, अशा कथा सर्वांनी ऐकलेल्या असतात, आणि त्या ऐकून आजही अनेक जण हा भाग वाहनाने वळसा घालून टाळतात. माझे कळकळीचे सांगणे आहे की प्रकृती ठीक असेल तर तो टाळू नये. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या पाण्यामुळे महाराष्ट्रातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांमधील ३३ गावे बाधित झाली, काठाची जुनी वाट बुडाली, आणि म्हणूनच परिक्रमावासी आता डोंगरावरून जातात. ज्यांची काठावरची शेते गेली त्याच पावरा आणि भिल्ल समाजाच्या लोकांच्या अंगणातून ही नवी वाट जाते, आणि तेच लोक आज आपल्याला जेवू घालतात. हे लक्षात ठेवून त्यांच्या दारी बसावे.

तेथे मला ताप भरला आणि त्याच दिवशी उतारावर घोटाही मुरगळला. एका टेकडीवर एकटेच घर होते, कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या, एका बाजूला बकऱ्या बांधलेल्या. घरात म्हातारा, म्हातारी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. आम्ही एक रात्र मागितली आणि दोन रात्री राहिलो. सुनेने मातीच्या तव्यावर मक्याच्या भाकरी केल्या, उडदाची डाळ वाढली, आणि माझ्या पायासाठी पाणी तापवले. ते पाणी तिने खालच्या ओढ्यातून डोक्यावर हंडा घेऊन आणले होते. खाली जायला आणि वर यायला मिळून तिला पाऊण तास लागतो, हे दुसऱ्या दिवशी मी अंगणातून पाहिले. रात्री कडाक्याची थंडी होती. मध्यरात्री जाग आली तेव्हा चुलीत लाकूड धगधगत होते आणि म्हातारा-म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन तिच्यासमोर बसली होती. घरात गोधड्या तीन होत्या. एक मुलांवर, एक सुनेच्या अंगावर आणि तिसरी माझ्यावर. मी उठून ती परत देऊ लागले, तेव्हा म्हातारीने माझा हात दाबून मला पुन्हा निजवले आणि गोधडीची कड माझ्या पायाखाली खोचली. मी आयुष्यभर रुग्णांच्या पायाखाली असेच पांघरूण खोचत आले होते.

निघताना पैसे कोणी घेईना. तेव्हा मी पाचशेची नोट घडी घातलेल्या गोधडीत ठेवली आणि आम्ही उतरू लागलो. बरेच खाली आल्यावर मागून हाका ऐकू आल्या. चौथीत शिकणारा नातू अनवाणी धावत आला होता, नोट त्याच्या मुठीत होती, आणि धाप लागलेली असतानाच तो म्हणाला, "बाई, तुझे पैसे गोधडीत राहिले!" मी ते मुद्दाम ठेवले असतील अशी शंकासुद्धा त्याला आली नव्हती. मी नोट घेतली. खोटे बोलणे नको आणि त्याचा उपमर्दही नको, म्हणून त्याचे आभार मानले, आणि तो वर दिसेनासा होईपर्यंत तेथेच उभी राहिले. (तिकडे लहानथोर सर्वांनाच 'तू' म्हणतात. त्यांच्या बोलीची ती रीत आहे. कोणीही त्यात अनादर शोधू नये.)

या टप्प्यात जाणाऱ्यांनी काही गोष्टी कसोशीने पाळाव्यात. अंघोळ आणि कपडे धुणे ओढ्यावरच उरकावे, घरचे पाणी केवळ पिण्यासाठी घ्यावे. कित्येक घरांत सौरदिव्यावरच उजेड असतो, तेव्हा मोबाइल भरून घेण्याचा आग्रह धरू नये. तो सोबतच्या बॅटरीवर भरावा. एका घरावर चारांहून अधिक माणसांचा भार टाकू नये. आपली गोधडी किंवा झोपण्याची पिशवी उबदार असावी आणि ती जवळच असावी. वजन कमी करण्यासाठी मी माझी मागे पाठवून दिली होती, आणि त्या वजनाचा भार कोणावर पडला ते वर सांगितलेच आहे. आणि वाटेवरच्या मुलांना चॉकलेट-बिस्किटे वाटू नयेत. ती वाटताना मनाला समाधान होते हे मी जाणते, मीही पहिले दोन दिवस वाटली, पण शाळेच्या वेळी वाटेवर उभी राहून 'नर्मदे हर' म्हणत हात पुढे करणारी मुले या वाटपातूनच तयार झाली आहेत. वह्या-पेने द्यायची असतील तर शाळेत जाऊन गुरुजींच्या हाती द्यावीत.

गोऱ्याला पोहोचल्यावर त्या रात्री आश्रमाच्या ओसरीवर मी माझी औषधांची पिशवी उघडली आणि ज्यांचे पाय फोडांनी भरले होते त्यांना एकेक करून समोर बसवले. हा माझा पुढच्या साऱ्या परिक्रमेतला रोजचा संध्याकाळचा उद्योग झाला, आणि पुढच्या हिवाळ्यात मी याच कामासाठी, समुद्राची होडी जेथून सुटते त्या विमलेश्वरला, पंधरा दिवस जाऊन राहिले. म्हणून पायांविषयी अधिकाराने सांगते. लहान फोड फोडू नये. चालणेच अशक्य होईल इतका मोठा असेल, तर पाय साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढावे, पण वरची कातडी ओरबाडू नये, आणि कोरडी पट्टी बांधून रात्रभर पायाला हवा लागू द्यावी. फोडात दोरा घालून ठेवण्याचा उपाय तटावर फार सांगितला जातो. त्याने जंतुसंसर्ग होतो आणि तसे पिकलेले पाय मी पाहिले आहेत. मधुमेह असणाऱ्यांनी फोड स्वतः हाताळूच नये, आरोग्य केंद्र गाठावे. मोज्यांचे तीन जोड ठेवावेत आणि दुपारच्या विसाव्यात ते बदलावेत.

प्रत्येकाला पायांची पट्टी बांधता येईलच असे नाही, पण प्रत्येकाला काहीतरी येत असते. आमच्या पुढे-मागे चालणारे एक गृहस्थ मोटार दुरुस्त करीत. त्यांनी वाटेतल्या आश्रमांतले पाण्याचे तीन पंप सुरू करून दिले. माझी नणंद जेथे मुक्काम होई तेथे पहाटे उठून कोठीतले धान्य निवडायला बसे. पैसेच द्यायचे असतील तर दानपेटीत टाकण्यापूर्वी कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याला विचारावे की काय संपत आले आहे. बहुतेक वेळा ती वस्तू तेल, चहापूड किंवा गूळ असते, आणि जवळच्या बाजारातून ती आणून देणे अधिक उपयोगी पडते.

समुद्राचा टप्पा सोपा आहे, पण धीर लागतो. होडी विमलेश्वर किंवा कठपोर येथून भरतीच्या वेळेनुसार सुटते, तेव्हा ती आपल्या सोयीने सुटणार नाही हे गृहीत धरावे. नाव आधी नोंदवावे, आधारपत्राच्या प्रती जवळ ठेवाव्यात, आणि पाणी, सुका खाऊ व उलटीची गोळी घेऊनच बसावे. आम्ही तीन दिवस थांबलो, पहाटे दोनला होडीत चढलो, आणि उजाडल्यावर उत्तर तटावरील मिठी तलाईला गुडघाभर चिखलात उतरलो. तेथे एका अनोळखी बाईने काही न विचारता आमच्या दोघींच्या पायांवर तांब्यांनी पाणी ओतले.

त्या टेकडीवरच्या घरी मी २०२५च्या मे महिन्यात पुन्हा गेले. शहाद्याहून धडगावला एस.टी. जाते, तेथून जीप आणि मग चाल. दोन सोलापुरी चादरी नेल्या होत्या. या वेळी मी वाटसरू नव्हते, पाहुणी होते, आणि पाहुणीने आणलेले म्हातारीने विनातक्रार घेतले, उलगडून पाहिले, नातवाच्या खांद्यावर टाकून पाहिले. धडगाव-मोलगीचा आमचूर प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत घराघरांतून कैऱ्या सोलण्याचे काम चाललेले असते, आणि सगळी माणसे, मुलेसुद्धा, त्याला लागलेली असतात. खडकांवर पांढऱ्या फोडी वाळत होत्या. मीही तीन दिवस कैऱ्या सोलल्या. निघताना मी पाच किलो आमचूर विकत मागितला आणि आठवडी बाजारात व्यापारी जो भाव देतो त्याऐवजी साताऱ्यात गिऱ्हाईक जो देते तो भाव सांगितला. हा व्यवहार असल्यामुळे सुनेने पैसे घेतले, दोनदा मोजले आणि कनवटीला लावले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या ओळखीच्या चौदा घरांचा आमचूर तेथूनच आणायचा असे आम्ही ठरवले आहे, आणि या वाटेने जाणाऱ्यांनी तेथला आमचूर आणि मोलगीची भगर अशीच थेट घरातून, पुऱ्या भावाने घ्यावी.

घरी आल्यावर मी पिशवी वजनकाट्यावर ठेवली. पाच किलोंचे पैसे घेतले होते, आणि आमचूर साडेसहा किलो भरला.