टोपलीत नाही

देवगड तालुक्यातील एका मच्छीमार वाडीच्या अंगणवाडीत त्या दिवशी मुलांची वजने घ्यायची होती, आणि वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून माझी महिन्याची फेरीही त्याच दिवशी आली. सेविकाताईंनी माझ्या हातात दिलेल्या चिठ्ठीत दोन वर्षे पाच महिन्यांच्या एका मुलीविषयी एकच ओळ होती: ‘नाही म्हटलेले कळत नाही, उलटेच करते.’

आजीच्या पदराआड उभी असलेली ती मुलगी नकार बोलत मात्र होती. खिचडी पुढे केली की ‘नको’, वाटी रिकामी दाखवली की ‘नाय’. लोइस ब्लूम यांनी १९७० साली इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांच्या नकारांत तीन अर्थ वेगळे काढले: वस्तू नसणे, ती नाकारणे आणि एखादे विधान खोडून काढणे. पहिले दोन अर्थ मराठीत दोन वेगळ्या शब्दांनी कानावर पडतात, त्यामुळे आपल्या मुलांचे नकार ओळखणे थोडे सोपे जाते. अडचण तिसऱ्याची असते.

म्हणून मी शिंपल्याचा खेळ मांडला. पंचाच्या आडोशाने शिंपला टोपलीखाली किंवा करवंटीखाली लपवायचा आणि ‘टोपलीत नाही’ एवढेच सांगायचे. या धर्तीच्या प्रयोगात इंग्रजी बोलणारी मुले साधारण सत्तावीस महिन्यांच्या सुमारास योग्य जागी शोधू लागतात, असे रोमन फीमन व सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले. आमची मुलगी एकोणतीस महिन्यांची. पण पाचांपैकी चार वेळा ती थेट टोपलीकडेच गेली. शेरा लिहिण्यासाठी मी पेन काढले होते, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात आजी न राहवून पुढे झाली, टोपली उचलून म्हणाली, “अगो बाय, टोपलीत नाय गो!” आणि मुलगी करवंटीकडे वळली. रिकामी टोपली डोळ्यांनी दिसल्यावर शब्दांची गरजच उरत नाही, त्यामुळे ही परीक्षा ग्राह्य नव्हती; पण माझ्या प्रश्नातील दोष तिने दाखवला. टोपलीत काही असेल असे कोणाला वाटलेच नसताना मी ‘टोपलीत नाही’ म्हणत होतो. नकाराचे वाक्य समजण्यास सोपे जाते ते आधी तशी समजूत असली तर, असे पीटर वेसन यांनी १९६५ सालीच मोठ्या माणसांबाबत दाखवले होते. शिवाय मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येते. मला वाटते, ‘टोपलीत’ ऐकताच तिचे पाय निघालेले असत.

मग मी सेविकाताईंना शिंपला शोधायला लावले. त्या टोपलीखाली मुलीला दिसणार नाही असे डोकावत आणि ‘टोपलीत नाही’ म्हणत. नुसते डोकावणे हीच खूण ठरू नये म्हणून मधूनच ‘टोपलीत आहे’ असेही सांगत. सहांपैकी पाच वेळा मुलगी बरोबर जागी गेली. सहा फेऱ्यांवरून सिद्धांत उभा राहत नाही, परंतु चिठ्ठीतील ओळ खोडायला त्या पुरेशा होत्या. मी ती खोडली आणि खाली लिहिले: ‘नकार समजतो. तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.’

वजनकाट्यावर बसवू लागताच मात्र तिने असे काही ‘नको’ म्हटले की वजनाचा रकाना त्या दिवशी रिकामाच राहिला.