शमशेर

कोल्हापुरात मोडीचे लिप्यंतर करणाऱ्याकडे येतात ते मुख्यतः जमिनीचे कागद. कागलकडचे एक गृहस्थ असेच वाटणीपत्र घेऊन आले होते. काम ठरल्यावर त्यांनी पिशवीतून आजोबांची दोन पोस्टकार्डे काढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, आमचे आजोबा पाकिस्तानच्या नेव्हीत होते का, तेवढे बघा."

आजोबांच्या बोटीचे नाव 'शमशेर' असल्याचे घरात सांगत. मुलाने मोबाईलवर शोधले, तर पाकिस्तानी नौदलाची 'शमशेर' निघाली. ही फ्रिगेट मूळची ब्रिटनची 'डायोमीड'. आइसलँडशी मासेमारीवरून झालेल्या तंट्यात १९७६ मध्ये तिची तिथल्या गस्तीनौकेशी टक्कर झाली होती आणि १९८८ मध्ये पाकिस्तानने ती घेतली. आजोबा तर १९७० च्या सुमारास वारले होते. साल ताडून पाहण्याचे कोणाला सुचले नव्हते, आणि भीतीपोटी वडिलांनी विषयच बंद केला होता.

युद्धनौकांचा मला थोडा नाद असल्याने जुनी 'शमशेर' ठाऊक होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने 'रिव्हर' वर्गाच्या फ्रिगेटी बांधल्या आणि त्यांना नद्यांची नावे दिली. त्यांपैकी बॅन, ट्रेंट, डेव्हरॉन आणि नॅडर या चार रॉयल इंडियन नेव्हीत आल्या, तेव्हा नद्या जाऊन शस्त्रे आली: तीर, कुकरी, धनुष, शमशेर. फाळणीत भावकीच्या वाटणीसारखे या चौघींचेही दोन-दोन झाले. तीर आणि कुकरी भारताकडे राहिल्या. धनुष आणि शमशेर पाकिस्तानकडे गेल्या. पुढे कुकरी आपल्याकडे 'इन्व्हेस्टिगेटर' या नावाने समुद्राची मोजणी करू लागली आणि धनुषही तिकडे 'झुल्फिकार' होऊन त्याच कामाला लागली, हे मला नेहमीच गमतीचे वाटत आले आहे. जहाजांची वाटणी यादीने झाली; खलाशांना मात्र कोणत्या नौदलात राहायचे ते निवडता येत होते.

पहिले कार्ड १९४७ चे, मुंबईहून टाकलेले. शाई उडाली होती, तरी मजकूर लागला: बोट कराचीला जाणार असल्याने पेटी आणि वळकटी घेऊन आपण खाली उतरलो आहोत, आईने काळजी करू नये. मी ते दोनदा मोठ्याने वाचले. गृहस्थांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

दुसऱ्या कार्डात आजोबा 'तीरावर' असल्याचा उल्लेख होता. नोकरी सुटून ते किनाऱ्यावर बसून होते, असा अर्थ गावातल्या कोणी जुन्या जाणत्याने पूर्वी लावून दिला होता. मोडीत नावाला वेगळी खूण नसते आणि शब्दही एकमेकांना चिकटलेले असतात, त्यामुळे चूक स्वाभाविक होती. पण पुढच्याच ओळीत नव्या पोरांना शिकवण्याचे काम मिळाल्याचे लिहिले होते, आणि 'तीर' स्वातंत्र्यानंतर कॅडेटांच्या प्रशिक्षणाचे जहाज झाली होती. लिप्यंतरात मी तो शब्द अवतरणचिन्हांत टाकला, आणि समासात 'जहाजाचे नाव' अशी टीप लिहिली.