काटाबाबूंचा डेस्कटॉप

कापसाचा सीझन लागला की आमच्या जिनिंगचे काटाबाबू (वजनकाट्यावरचे कारकून) आज वणीच्या सेंटरवर, उद्या पांढरकवड्याच्या. म्हणून मीच हौसेनं रोमिंग प्रोफाइल लावली होती. लॉगिन केलं की सर्व्हरवरून सगळं खाली येतं, लॉगऑफला बदल परत वर जातात. कुठंही बसा, डेस्कटॉप आपलाच.

परवा सकाळी फोन. "काहून रे बाबू, अर्धा तास झाला, नुसतं गोल फिरून राह्यलं! बाहेर गाड्या लागल्या ना!"

सर्व्हरवर पाहिलं तर डेस्कटॉपवर पुतण्याच्या लग्नाचा व्हिडिओ, ४ जीबी. सेंटरची लाइन ४ एमबीपीएस. म्हणजे नुसत्या वरातीलाच सव्वादोन तास! लाइन हळू असली की विंडोज प्रोफाइल खाली ओढायचं टाळते, पण त्या 'स्लो लिंक'ची मूळ मर्यादा ५०० केबीपीएस, म्हणजे अर्धा एमबीपीएस, त्यामुळे तिच्या लेखी आमची लाइन सुसाट. हे मी आधी बघायला हवं होतं, चूक माझीच.

तेवढ्यापुरतं त्यांना दुसऱ्या लॉगिननं बसवलं. संध्याकाळी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर रीडायरेक्शन केलं. आता फायली सर्व्हरवरच राहतात, उघडली तेवढीच येते. प्रोफाइलसोबत फिरतात त्या मुख्यतः सेटिंग्ज. त्यातही एक भानगड आहेच. दोन ठिकाणी लॉगिन उघडं ठेवलं, तर शेवटी लॉगऑफ होईल त्याचंच टिकतं. पावतीचा डिफॉल्ट प्रिंटर त्यामुळेच दोनदा हरवला होता.

काल लॉगिन पटकन झालं. तरी फोन आलाच, "वरात कुठी गेली?"