व्यवसायाच्या नेटवर्कसाठी सुरक्षित ॲक्सेस पॉइंट उभारताना

कार्यालयासाठी वायरलेस नेटवर्कची आखणी करायला घेतली की मी सर्वांत आधी एक प्रश्न विचारतो: आज या नेटवर्कवर असलेला एखादा कर्मचारी उद्या नोकरी सोडून गेला, तर त्याचा प्रवेश बंद करण्यासाठी तुम्हाला नेमके काय करावे लागेल? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते की पासवर्ड बदलू. पण तो पासवर्ड प्रत्येक लॅपटॉपमध्ये, फोनमध्ये, प्रिंटरमध्ये आणि कॅमेऱ्यात भरलेला असतो. तो बदलायचा म्हणजे अर्धा दिवस कामकाज थांबवायचे, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे बदलला जात नाही. व्यवसायाच्या वायरलेसची सुरक्षितता एन्क्रिप्शन (माहिती इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात पाठवणे) किती भक्कम आहे यापेक्षा आधी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, असे माझे ठाम मत आहे. नेटवर्कला माणसे आणि उपकरणे वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत, आणि ओळख पटल्यावरही प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच वाट मोकळी असली पाहिजे.

एन्क्रिप्शनचा भाग त्या मानाने सोपा आहे, कारण तिथे निवड जवळजवळ ठरलेली आहे. १९९७ च्या वायफायच्या मूळ मानकाबरोबर आलेल्या डब्ल्यूईपी या सुरक्षा पद्धतीची सुरक्षितता २००१ मध्येच फोडली गेली होती. २००४ पासून वापरात असलेले पुढचे मानक, डब्ल्यूपीए२, एईएस या भक्कम एन्क्रिप्शनसह वापरले तर अजूनही चालण्यासारखे आहे. टीकेआयपी हा त्याआधीचा, कमकुवत पर्याय मात्र सेटिंगमध्ये दिसले की बंद करावे. नवी खरेदी असेल तर २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ पेक्षा कमी काही घेऊ नये; ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर डब्ल्यूपीए२ चालतच नाही. २०१७ मध्ये सुरक्षा संशोधक मॅथी व्हानहूफ यांनी उघड केलेल्या, डब्ल्यूपीए२ मधील ‘क्रॅक’ (KRACK) या त्रुटीने एक गोष्ट स्पष्ट केली. मानक चांगले असले तरी त्यात दोष सापडू शकतो, आणि त्यावरचा उपाय सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच येतो. त्यामुळे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरलेस उपकरणांना नेटवर्कशी जोडणारे यंत्र, निवडताना वेगाच्या आकड्यांपेक्षा उत्पादक फर्मवेअरची (यंत्रातल्या सॉफ्टवेअरची) अपडेट किती वर्षे देणार आहे, हे आधी पाहावे.

आता सामायिक पासवर्डाकडे वळू. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो, आणि त्यातून नेटवर्कचे नाव मिसळून, ४०९६ फेऱ्यांच्या गणिताने मूळ किल्ली तयार होते. एखादे उपकरण जोडले जात असतानाची देवाणघेवाण कुणी हवेतून टिपून घेतली, तर तो माणूस ती घरी नेऊन, तुमच्या नेटवर्कला स्पर्शही न करता, हवे तितके अंदाज लावून पाहू शकतो. याहून गंभीर बाब फारशी बोलली जात नाही: ज्याला पासवर्ड आधीच माहीत आहे, तो हीच देवाणघेवाण टिपून दुसऱ्या कर्मचाऱ्याची वायरलेस वाहतूक उलगडू शकतो. म्हणजे सामायिक पासवर्ड बाहेरच्यांना अडवतो, पण आतल्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवत नाही. डब्ल्यूपीए३ च्या वैयक्तिक प्रकाराने या दोन्ही दोषांवर चांगला उपाय केला आहे, कारण त्यात प्रत्येक अंदाजासाठी नेटवर्कशी प्रत्यक्ष संपर्क करावा लागतो आणि नुसता पासवर्ड माहीत असून टिपलेली वाहतूक उलगडत नाही. तरीही सोडून गेलेल्या माणसाचा प्रश्न तसाच राहतो, कारण पासवर्ड सर्वांचा एकच असतो.

म्हणून कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कसाठी मी एंटरप्राइझ प्रकारच, म्हणजे प्रत्येकाची स्वतंत्र ओळख तपासणारा प्रकार, वापरावा असे सुचवतो. यात ८०२.१एक्स या मानकाप्रमाणे तीन पक्ष असतात: जोडू पाहणारे उपकरण, ॲक्सेस पॉइंट आणि ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर. आत घ्यायचे की नाही हे ॲक्सेस पॉइंट ठरवत नाही. तो फक्त निरोप इकडून तिकडे पोहोचवतो, आणि सर्व्हरने होकार दिला की त्या सत्रापुरती स्वतंत्र किल्ली तयार होते. सर्व्हरसाठी फ्रीरेडियस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि विंडोज सर्व्हर असेल तर त्यातील नेटवर्क पॉलिसी सर्व्हरही हे काम करतो. ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर यांच्यात ठरवलेले गुपित लांबलचक असावे आणि प्रत्येक ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळे असावे. रेडियस ज्यांवरून बोलतो ते यूडीपीचे १८१२ आणि १८१३ हे पोर्ट सर्व्हरवर फक्त ॲक्सेस पॉइंटच्या पत्त्यांसाठी उघडे ठेवावेत. शक्य असेल तर दोन सर्व्हर ठेवावेत, कारण एकुलता एक सर्व्हर बंद पडला की नव्याने कुणीही जोडले जात नाही.

ओळख कशी पटवायची, इथे खरी काळजी घ्यावी लागते. पीईएपी या पद्धतीत कर्मचारी आपले नाव आणि पासवर्ड देतो. ही पद्धत सुरू करायला सोपी आहे, परंतु तिची सारी मदार उपकरणाने सर्व्हरचे सर्टिफिकेट, म्हणजे त्याचे डिजिटल ओळखपत्र, तपासण्यावर आहे. कुणी तुमच्याच नेटवर्कच्या नावाने खोटा ॲक्सेस पॉइंट लावला आणि लॅपटॉपने न तपासता त्याच्याशी बोलणे सुरू केले, तर आत चालणारी एमएससीएचएपीव्ही२ ची (पासवर्ड पडताळणाऱ्या पद्धतीची) देवाणघेवाण त्याच्या हाती लागते. ती फोडणे म्हणजे डीईएस या जुन्या एन्क्रिप्शनची ५६ बिटांची एक किल्ली शोधणे एवढेच काम आहे, हे २०१२ मध्येच दाखवले गेले आहे. त्यामुळे कोणत्या प्रमाणकर्त्याने (सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेने) दिलेले सर्टिफिकेट मान्य करायचे आणि सर्व्हरचे नाव काय असले पाहिजे, या दोन्ही गोष्टी उपकरणाच्या प्रोफाइलमध्ये आधीच पक्क्या करून पाठवाव्यात. पडद्यावर ‘या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का’ असा प्रश्न आल्यावर योग्य उत्तर देण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे, कारण योग्य उत्तर कोणते हे कळण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते.

याहून भक्कम पद्धत म्हणजे ईएपी-टीएलएस. तिच्यात दोन्ही बाजू सर्टिफिकेट दाखवतात, त्यामुळे चोरण्याजोगा पासवर्डच उरत नाही. त्यासाठी संस्थेला स्वतःची प्रमाणयंत्रणा उभारावी लागते आणि प्रत्येक उपकरणावर सर्टिफिकेट पोहोचवावे लागते. उपकरणांचे व्यवस्थापन एका जागेवरून होत असेल तर हे काम वाटते तितके जड नाही. लॅपटॉप चोरीला गेला की त्याचे सर्टिफिकेट रद्द करायचे, बाकी कुणालाही काही करावे लागत नाही. मात्र रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी रेडियस सर्व्हर खरोखर तपासतो आहे ना, हे पाहायलाच हवे. ती तपासणी सुरू केलेली नसेल तर रद्द करणे कागदावरच राहते. सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपते याची नोंद एकाहून अधिक माणसांकडे असावी, कारण ती संपली की संपूर्ण कार्यालय एकाच सकाळी नेटवर्कबाहेर जाते, आणि घाईत कुणीतरी तपासणीच बंद करून टाकतो.

ओळख पटल्यानंतर उपकरण कुठे पोहोचते, हा दुसरा मोठा प्रश्न. कर्मचारी, पाहुणे आणि प्रिंटर-कॅमेऱ्यांसारखी उपकरणे यांच्यासाठी वेगवेगळे व्हीलॅन (त्याच तारा-स्विचवर आखलेले स्वतंत्र नेटवर्कचे भाग) असावेत, आणि त्यांच्यामधून जाणारी प्रत्येक वाट फायरवॉलवर विचारपूर्वक उघडलेली असावी. व्हीलॅन वेगळे केले, पण राउटरने त्यांच्यात सर्रास वाहतूक होऊ दिली, तर वेगळेपणा नावापुरताच उरतो. ॲक्सेस पॉइंट स्विचच्या ज्या ट्रंक पोर्टला (एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या पोर्टला) जोडला आहे, त्यावर आवश्यक तेवढेच व्हीलॅन जाऊ द्यावेत, आणि ॲक्सेस पॉइंटच्या व्यवस्थापनाचा व्हीलॅन वायरलेसवर कुठेही उपलब्ध नसावा. रेडियस सर्व्हर होकारासोबत व्हीलॅनचा क्रमांकही पाठवू शकतो, त्यामुळे लेखा विभाग आणि विक्री विभाग एकाच नावाच्या नेटवर्कवर येऊनही वेगळ्या जागी पोहोचतात. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण नेटवर्कच्या नावांची संख्या तिच्यामुळे आटोक्यात राहते. प्रत्येक नाव सेकंदाला सुमारे १० वेळा, सामान्यतः सर्वांत कमी वेगाने, हवेत घोषित होत असते; नावे वाढली की तेवढी हवा वाया जाते. बहुतेक कार्यालयांना तीन नावे पुरतात.

पाहुण्यांच्या नेटवर्कला पत्ता मिळावा, नावांचा उलगडा व्हावा आणि इंटरनेट मिळावे, याखेरीज काहीही देऊ नये. त्यांच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलू नये यासाठी विलगीकरण सुरू करावे. मात्र काही उपकरणांत ते एका ॲक्सेस पॉइंटपुरतेच लागू होते आणि शेजारच्या ॲक्सेस पॉइंटवरच्या पाहुण्यापर्यंत स्विचमधून वाट उरते, म्हणून ते दोन ठिकाणांहून तपासावे. ज्या प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला ८०२.१एक्स जमत नाही, त्यांना लांब पासवर्डाचे वेगळे नेटवर्क द्यावे आणि त्यातून फक्त ठरलेल्या सर्व्हरपर्यंतच जाऊ द्यावे.

काही गोष्टी थोडक्यात उरकता येतात. पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडणारे डब्ल्यूपीएस बंद करावे. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्ये समोर आले. नेटवर्कचे नाव लपवण्याचा उपयोग नाही, कारण जोडणारी उपकरणे ते नाव स्वतःच हवेत उच्चारतात. मॅक पत्त्यांची (उपकरणाच्या वायरलेस ओळख क्रमांकांची) यादी ठेवण्यात वेळ घालवू नये. तो पत्ता उघडपणे हवेतून जातो, कुणीही त्याची नक्कल करू शकतो, आणि आजचे फोन तर स्वतःच बदलता पत्ता वापरतात. उपकरण जोडण्या-तोडण्याच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या, संदेशांचे संरक्षण मात्र अनिवार्य करावे, अन्यथा खोटे संदेश पाठवून उपकरणांना नेटवर्कवरून हुसकावता येते. डब्ल्यूपीए३ मध्ये हे संरक्षण सक्तीचेच आहे.

ॲक्सेस पॉइंट हे स्वतः एक संगणक आहे, याचा विसर पडू नये. मूळ पासवर्ड बदलणे, एन्क्रिप्शन नसलेले टेलनेट बंद करून एन्क्रिप्शन असलेले एसएसएच आणि एचटीटीपीएस ठेवणे, उपकरणांवर दुरून देखरेख ठेवणारे एसएनएमपी वापरायचे असेल तर तिसरी आवृत्ती वापरणे आणि नोंदी वेगळ्या सर्व्हरवर पाठवणे ही कामे पहिल्याच दिवशी व्हावीत. तो छतावर, हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी असावा, कारण रीसेटचे बटण दाबले की सगळी सेटिंग पुसली जाते. त्याची केबल काढून कुणी लॅपटॉपला जोडली तर काय होईल, याचाही विचार करावा. त्या पोर्टवर सारे व्हीलॅन येत असतात, म्हणून स्विचच्या बाजूनेही ओळख तपासणे योग्य. प्रसारणाची शक्ती कमी करून सुरक्षितता मिळते हा समज खरा नाही, कारण दिशादर्शक अँटेना लावून दुरूनही ऐकता येते. कोपऱ्यात सिग्नल पोहोचत नाही म्हणून कर्मचारी स्वतःचा राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला जोडतात, तो धोका अधिक खरा आहे. चांगले कव्हरेज देणे हाच त्यावरचा सर्वांत टिकाऊ उपाय आहे.

उभारणी झाल्यावर मी ती कर्मचाऱ्याच्या नव्हे, अनोळखी माणसाच्या जागी बसून तपासतो. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून ॲक्सेस पॉइंटचे आणि स्विचचे व्यवस्थापनाचे पान उघडून पाहतो, प्रिंटरचा पत्ता शोधतो, मुद्दाम रद्द केलेले सर्टिफिकेट घेऊन आत येण्याचा प्रयत्न करतो, आणि त्याच नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट लावून कार्यालयातला लॅपटॉप त्याला नकार देतो का, हे पाहतो. यातला रद्द सर्टिफिकेटला मिळालेला नकार रेडियसच्या नोंदीत कोणत्या उपकरणाच्या नावाने आणि कोणत्या वेळी उमटला, हेही तपासतो. खोट्या ॲक्सेस पॉइंटची खूण तिथे उमटत नाही, म्हणून तो ओळखणारी यंत्रणा ॲक्सेस पॉइंटमध्ये वेगळी सुरू करून तिची सूचना येईपर्यंत थांबतो.